बिननावाचे आठ दिवे

लीलावती आष्टमकरांना मस्कतच्या वादी अदाईत सगळे आजी म्हणत. आजी म्हटलं की माणसाला पुढचं काही विचारावंसं वाटत नाही. कुठल्या, कोणाच्या, देव कोणता, हे प्रश्न तिथेच संपतात. लीलावतीबाईंना ते सोयीचं होतं. त्यांच्या मुलाला, अजिंक्यला, त्याहून सोयीचं होतं.

त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. रोह्याशेजारच्या अष्टमीत त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. तो शनिवारी बंद राही, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मस्कतमध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. मराठी माणसाला आडनाव सांगितलं की तो मनातल्या मनात नकाशा उघडतो. ज्या पाळणाघरात लीलावतीबाई दुपारनंतर मदतीला जात, ते चालवणाऱ्या माधवीमॅडम पुण्याच्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी नकाशा उघडला होता.

"आष्टमकर म्हणजे रायगडकडच्या. सीकेपी का हो?"

"तिकडच्याच," लीलावतीबाई म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं.

पाळणाघराची व्हॅन चालवणारा गजेंद्र कुडाळचा. त्याला एकाच गोष्टीचा संशय येई.

"काकी, कोकणातली माणसां तुमी, आणि कोळंबी खाऊचे नाय?"

"अंगावर उठते रे."

अंगावर उठणे या दोन शब्दांत कोळंबी वर्ज्य असलेला एक अख्खा धर्म बसवता येतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

डिसेंबर आला तेव्हा त्यांचं परतीचं तिकीट निघालेलं होतं. नात यशोधरा चार वर्षांची होत होती, आता मोठ्या शाळेत जाणार होती. गुडघे कुरकुरत होते. जानेवारीत ठाण्याला, बहिणीकडे. जायच्या आधी एकच गोष्ट राहिली होती, आणि ती त्यांनी एका रात्री जेवताना बोलून टाकली.

"यशूला एकदा हनुक्काचे दिवे दाखवते."

अजिंक्यचा घास हातातच राहिला. "इथे?"

"मग कुठे?"

"आई, इथे कुणी काही म्हणत नाही आपल्याला."

"मग झालं तर."

"म्हणत नाहीत तेच बरंय. कशाला म्हणायला लावायचं? ऑफिसात मी नुसता अजिंक्य आहे, मुंबईचा. छान चाललंय."

त्याची बायको अस्मिता नागपूरची, बौद्ध, इमारतींचे आराखडे करणारी इंजिनिअर. हॉलमध्ये तिची बुद्धमूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता, आणि रोज संध्याकाळी ती तिथे मेणबत्ती लावी.

"लावू दे ना त्यांना. मी नाही का लावत?"

"तुझं वेगळं आहे."

"माझं वेगळं आहे हे मला लहानपणापासून सगळेच सांगत आलेत," असं म्हणून अस्मिताने वरण वाढून घेतलं.

शेवटी तोडगा निघाला. घरात काही नाही. पाळणाघरात चालेल, तिथे तसेही हस्तकलेचे प्रकार चाललेलेच असतात. पण सणाचं नाव घ्यायचं नाही, गोष्ट सांगायची नाही, ब्राखा, म्हणजे दिवे लावतानाची प्रार्थना, म्हणायची नाही.

"नुसते दिवे," अजिंक्य म्हणाला.

"नुसते दिवे तर नुसते दिवे," लीलावतीबाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर हनुक्का, म्हणजे रोज एक दिवा वाढवत न्यायचा ज्यूंचा आठ दिवसांचा सण, त्यांच्या आजोबांच्या घरीही जुना नव्हता. पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले ते म्हणे जेरुसलेमच्या मंदिरातला, ज्याचा हा सण, तो चमत्कार घडायच्या आधीच. त्यामुळे बातमी पोचलीच नाही. पिढ्यानपिढ्या ह्या लोकांनी पंचक्रोशीला तेल पुरवलं, आणि तेलाचा सण तेवढा त्यांना ठाऊक नव्हता. पुढे बाहेरून गुरुजी आले, त्यांनी सांगितलं: मंदिरात एका दिवसापुरतं तेल उरलं होतं आणि ते आठ दिवस जळलं. आजोबांचं यावर एकच मत होतं. "पहिल्या दिवशी माप चुकलं असणार. तेली कोण होता?"

लीलावतीबाई हा सण शिकल्या त्या नोकरीत. ठाण्याच्या ज्यू बालवाडीत त्या नव्या बाई म्हणून लागल्या, तेव्हा शिबिराला आलेल्या एका पाहुण्या शिक्षिकेने सोनेरी कागदाच्या ज्योती कापायला शिकवल्या. आज शिकायचं, उद्या मुलांना शिकवायचं. मग एकेक कुटुंब इस्रायलला जाऊ लागलं आणि वर्ग आटत गेला. शेवटच्या वर्षी वर्गात तीन मुलं होती. त्यांतली दोन शेजारच्या बिल्डिंगमधली, गुळाच्या पुऱ्यांसाठी येणारी. तिसरा अजिंक्य.

तेव्हा नातीच्या हाती द्यायचा वारसा म्हणजे मुळात हस्तकलेचा एक तास होता. हे लीलावतीबाईंना ठाऊक होतं. तरी द्यायचा होता. दुसरं काही जवळ नव्हतं.

रुवीच्या बाजारातून त्यांनी कहवा पितात त्या बिनकानाच्या छोट्या वाट्या आणल्या. आठ दिव्यांच्या, आणि एक जास्तीची, बाकीचे दिवे जिने लावायचे ती. खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात. पाळणाघराच्या एसीत खोबरेल थिजून साबणासारखं झालं. मुलांनी त्यात बोटं खुपसून पाहिली. तय्यब नावाच्या हैदराबादच्या पोराने चाखूनही पाहिलं.

दिवा सूर्यास्ताला लावायचा असतो. सूर्यास्त केव्हा होतो हे शोधायची गरज पडली नाही. समोरच्या मशिदीत मगरिबची अजान झाली की लीलावतीबाई काडी ओढत. त्या वेळी आईबापांची वाट बघत बसलेली सात-आठ मुलं उरलेली असत. पहिल्या संध्याकाळी त्यांनी जास्तीची वाटी पेटवली, तिच्यावरून पहिला दिवा लावला, आणि ओठ नुसते हलवले. ओठ हलवू नयेत असं अजिंक्य म्हणाला नव्हता.

मुलांनी क्षणभर ज्योतीकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून 'हॅपी बर्थडे टू यू' सुरू केलं, आणि ओळ संपायच्या आत तय्यबने गाल फुगवून दोन्ही दिवे फुंकले.

टाळ्या पडल्या.

"आजी, बर्थडे कोणचा आहे?" अनुपने विचारलं.

"कोणाचाच नाही."

"मग केक?"

"केक नाही, पुरी आहे. आणि फुंकायचं नाही. दिवा आपोआप जाऊ द्यायचा."

"व्हाय?"

का, याचं उत्तर गोष्टीत होतं आणि गोष्टीला बंदी होती. "असंच," लीलावतीबाई म्हणाल्या. धर्माची इतकी थोडक्यात शिकवणी कुणी दिली नसेल.

पण मुलांना 'असंच' पुरतं. दुसऱ्या दिवशी दोन दिवे होते आणि एकट्या तय्यबने फुंकर मारली. तिसऱ्या दिवशी त्याला बाकीच्यांनी मागे ओढलं. चौथ्या दिवशी यशू त्याच्या शेजारी बसली आणि वात काळी होऊन विझेपर्यंत तिने आपला तळवा त्याच्या तोंडावर धरून ठेवला. तय्यब नाकाने श्वास घेत राहिला. पाचव्या दिवशी, गुरुवारी, सगळे पालथी बोटं गालाला लावून गप्प बसले होते, आणि दिवा विझला की एकजण हळूच म्हणे, "गॉन."

माधवीमॅडमनी फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, लाइट्स वीक. एका मल्याळी आईला ती नाताळची तयारी वाटली आणि तिने लाल बदाम पाठवला. तय्यबच्या वडिलांनी बिजली बचाने की अच्छी तालीम म्हणून कौतुक केलं. गजेंद्र दारातून डोकावला.

"बरोबर काकी. आमच्याकडे पण दिवो तोंडान इझवूचो नाय. आवस हाणी."

"तुमच्यातही?"

"तुमच्यात नि आमच्यात काय वेगळा? फक्त तुमका कोळंबी सोसणा नाय."

सगळ्यांना ते आपापलं वाटलं, कारण ते कोणाचंच आहे असं सांगितलेलं नव्हतं. अजिंक्यचा तोडगा त्याला वाटला होता त्यापेक्षा फार चांगला निघाला होता.

शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी, पाळणाघर बंद. शुक्रवारी अजान झाली आणि यशू हॉलमध्ये येऊन उभी राहिली.

"आजी, सिक्स."

लीलावतीबाईंनी अजिंक्यकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये होता, म्हणजे ऐकत होता.

"घरी नाही, बाळा."

"व्हाय?"

"असंच."

या वेळी ते पुरलं नाही. यशूने भोकाड पसरलं. अस्मिताने बुद्धासमोर रोजची मेणबत्ती लावली, तेव्हा ती त्या एकाच ज्योतीसमोर जाऊन बसली आणि पंख्याच्या वाऱ्याला दोन्ही हात आडवे धरले.

"अजिंक्य," अस्मिता म्हणाली, "खणात मेणबत्त्या आहेत. सहा निघतील."

"ठरलंय आपलं."

"तुमचं ठरलंय. तिला कोणी विचारलंय?"

"राहू दे ग," लीलावतीबाई म्हणाल्या. "शब्द दिलाय मी."

शनिवारी तेच. फक्त रडणं कमी होतं. लीलावतीबाईंना त्याचंच जास्त वाईट वाटलं. चार वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट विसरायला किती वेळ लागतो हे त्यांना बालवाडीपासून माहीत होतं.

रविवारी शेवटचा दिवस, आठ दिवे. सकाळी अजिंक्यने यशूच्या कपाळाला हात लावला आणि सर्दी आहे, आज घरूनच काम करतो, ती घरीच राहील, असं जाहीर केलं. यशूला स्वतःला सर्दीचा पत्ता नव्हता. लीलावतीबाई एकट्याच गेल्या.

माधवीमॅडमनी पालकांना लवकर बोलावलं होतं. खोलीत कागदी झिरमिळ्या लावल्या होत्या. अजान झाली, आठही दिवे लागले, आणि लोक खरोखरच क्षणभर गप्प झाले. लीलावतीबाईंना वाटलं, एवढं तरी झालं.

"आता," माधवीमॅडम मोबाईल उचलून म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून एकदम फुंकर! छान व्हिडिओ येईल. वन, टू..."

मुलांनी आजीकडे पाहिलं. तय्यबने तर आपणहून तोंडावर हात ठेवला. लीलावतीबाई नको म्हणू शकल्या असत्या. पण नको म्हटलं की का विचारतात, आणि मोठ्या माणसांना 'असंच' पुरत नाही. त्या पदर सावरत बसल्या.

"थ्री!"

सगळ्या वाती एकदम विझल्या. खोबरेलाचा वास खोलीभर पसरला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. तय्यबने सगळ्यांत मोठी फुंकर मारली होती. आठवडाभर साठवलेली.

"किती गोड, आजी!" माधवीमॅडम म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मोठं करू."

"मी नाही पुढच्या वर्षी," लीलावतीबाई म्हणाल्या, आणि वाट्या धुवायला घेतल्या.

गुरुवारी यशूचा वाढदिवस. वादी अदाईच्या त्या हॉलमध्ये पाळणाघरातली मुलं, ऑफिसातली दोन कुटुंबं, माधवीमॅडम, सामान पोचवायला आलेला आणि मग जेवायला थांबवून घेतलेला गजेंद्र. चॉकलेटचा केक, त्यावर चार आकड्याची निळी मेणबत्ती. अजिंक्य सुरी घेऊन तयार. दिवे घालवले, गाणं झालं.

"फुंक, यशू," अजिंक्य म्हणाला.

यशू हलली नाही.

"बेटा, ब्लो!"

तय्यब पुढे झाला आणि त्याने गाल फुगवले. यशूने शांतपणे तळवा त्याच्या तोंडावर ठेवला.

"फुंकायचं नाही. आपोआप जाऊ द्यायचा."

कुणीतरी हसलं. माधवीमॅडम म्हणाल्या, "अय्या, हे पाळणाघरातलं! पण राणी, हा बर्थडे आहे."

"नो."

"बराबर आसा तिचा," गजेंद्र मागून म्हणाला.

अजिंक्यने आईकडे पाहिलं. "काय शिकवलंस हिला?"

"मी? काहीच नाही. नाव नाही, गोष्ट नाही, ब्राखा नाही. तू सांगितलंस तसंच."

ते अगदी खरं होतं. तीन गोष्टींना बंदी घालताना चौथी राहून गेली होती. ती अजिंक्यलाच सगळ्यांत आधी आठवायला हवी होती. शेवटच्या वर्षीच्या वर्गात, शेजारच्या त्या दोन मुलांच्या तोंडांवर हात ठेवून तोच बसायचा.

मेणबत्तीचा चार वरून वितळू लागला. निळं मेण चॉकलेटवर ओघळलं. ऑफिसातल्या एका बाईंनी घड्याळ पाहिलं, त्यांच्या नवऱ्याने अजिंक्यकडे.

"एनी प्रॉब्लेम?"

आता काहीतरी सांगणं भाग होतं. अजिंक्यने सुरी टेबलावर ठेवली.

"प्रॉब्लेम नाही," तो म्हणाला. "आमच्यात फुंकत नाहीत."

"आमच्यात म्हणजे?"

अजिंक्यने अस्मिताकडे पाहिलं, मग आईकडे. अस्मिता मदत करणार नव्हती, ती हसत होती.

"सांगतो," तो म्हणाला. "आधी हा जाऊ दे."

मग सगळे थांबले. केक खराब होत होता आणि लोक त्याच्याभोवती उभे होते. चाराचा तीन झाला, मग नुसता निळा गोळा. लीलावतीबाईंचे ओठ हलले. या वेळी त्यांनी थोडा आवाज काढला, शेजारी उभ्या अस्मिताला ऐकू जाईल एवढा. शेवटी ज्योत बसली, धूर आला, आणि अंधारात तय्यबच्या तोंडावरचा हात निघाल्याचं कळलं, कारण तोच म्हणाला, "गॉन."

दिवे लागले. मेण पसरलेला वरचा तुकडा पाहुण्यांना देण्यासारखा नव्हता. तो लीलावतीबाईंनी आपल्या ताटलीत घेतला. नखाने मेण सोलून बाजूला ठेवत त्या खाऊ लागल्या. पलीकडे अजिंक्य घसा खाकरून सुरुवात कुठून करावी ते शोधत होता.

"आमचे पणजोबा," तो म्हणाला, "तेली होते."