मागं घेतलेला अर्ज

एका तक्रार अर्जात आरोपी म्हणून माझं नाव दोन दिवस होतं. तिसऱ्या दिवशी मी रडून-भेकून तो अर्ज मागं घ्यायला लावला. पोरीचे दहावीचे टक्के मी शंभर जणांना सांगितले असतील, ही गोष्ट मात्र कुणापाशी काढली नाही. आता लिहिते, कारण पोरीला ती कळलीच आहे.

आमच्याकडं दहावीला चांगले मार्क पडले की लेकराला लातूरला क्लासला घालायचं आणि आईनं गॅस-कुकर घेऊन मागोमाग जायचं, अशी रीतच पडली आहे. मीही गेले. नवऱ्याची नोकरी किनवटला, ते शनिवारी घरी यायचे. मुखेड तालुक्यातल्या आमच्या घराला कुलूप, आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली, साखळीला पोरीचा कुत्रा. सातवीत असताना हट्ट करून आणलेला. लातूरचा खोलीमालक कुत्रं ठेवू देईना, आणि कुणाला देऊन टाकलं तर पोरीचं अभ्यासातलं लक्ष उडेल. म्हणून मी व्यवस्था लावली. नवऱ्यानं शनिवारी बादली भरून ठेवायची, दूधवाल्यानं रोज भिंतीवरून भाकरी टाकायची. बादली आठवडाभर पुरते का, हे मी एकदाही विचारलं नाही. पोरीनं कुत्र्याचं विचारलं की मी सांगून मोकळी व्हायची, "मजेत हाय."

शेजारच्या काकू नर्स म्हणून रिटायर झालेल्या, एकट्या राहतात. एप्रिलात त्यांचा फोन आला.

"अगं, तुझं कुत्रं दुपारभर उन्हात पडून राहतंय. पट्टा मानंत रुतलाय. चावी कुणाकडं हाय? मी बघते त्याचं."

दुसरी चावी गल्लीतल्याच किराणा दुकानात ठेवलेली होती. एक शब्द सांगायचा होता फक्त. पण आमच्या मोरीच्या पाण्यावरून काकू मला चार बायकांत बोलल्या होत्या, ते मी दोन वर्षं मनात धरून होते. माझ्या घरात हिचा पाय नको, एवढंच डोक्यात आलं. मी म्हणाले, "हे शनिवारी येऊन राहिलेत, बघतील ते."

त्या शनिवारी पोरीला ताप होता, म्हणून हे थेट लातूरला आले. कुत्र्याची आठवण आम्हा दोघांनाही झाली नाही. खरंच झाली नाही, हेच मला सगळ्यात लाजिरवाणं वाटतं.

मंगळवारी काकूंनी गच्चीवरून पाहिलं. साखळी नळाच्या खांबाला गुंडाळली गेली होती, बादली कोरडी होती आणि भाकऱ्या तोंडापासून हातभर लांब पडल्या होत्या. त्यांनी दूधवाल्याला भिंतीवरून आत उतरवलं आणि कुत्र्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तो मेला. काकूंनी डॉक्टरांकडून जखमेचं लेखी घेतलं आणि पोलीस चौकीत अर्ज दिला.

अर्जाचं कळल्यावर मी एसटीनं गावी आले ती अंगणात गेलेच नाही, सरळ काकूंच्या दारात. त्यांचे पाय धरले. "काकू, पोरीचं वर्ष हाय. आईवर केस झाली असं कळलं तर ती खचून जाईल. माझ्यासाठी नगं, तिच्यासाठी मागं घ्या."

काकूंनी पाय सोडवून घेतले. मग चपला घालून माझ्यासोबत निघाल्या. चौकीतला जमादार खूश झाला. "कुत्र्यापायी शेजाऱ्याशी कशाला वैर? चहा घ्या." काकूंनी चहाला हात लावला नाही. मी प्याले, आणि बशीतलं बिस्किटसुद्धा खाल्लं.

नंतर मी खूप विचार केला. मला काकूंची भीती नव्हती. देवाची होती, ती मी पाच सोमवार धरून भागवली. पोलिसाची भीती असती, तर झक मारत चावी दिली असती. पण आपल्याकडं जनावराचे असे हाल केल्याचा दंड इतक्या जुन्या काळातला आहे की त्यात आज कुत्र्याचा पट्टाही येणार नाही. माणूस चांगला असेल तर जनावर जगेल, एवढ्यावरच सगळं सोडलेलं. आणि मी स्वतःला चांगलीच समजत होते.

पोरीला मी सांगितलं होतं की कुत्रा आजारी पडून गेला. यंदा तिचा बारावीचा निकाल लागला, पेढे घेऊन ती काकूंकडं गेली आणि तिनं विचारलं, नेमकं काय झालं होतं? काकू कुणाची चहाडी करायला गेल्या नव्हत्या, पण समोरून विचारल्यावर त्यांना खोटं बोलता आलं नाही. पोर डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स घेऊन घरी आली. मला वाटलं, आरडाओरडा करेल. तिनं एवढंच विचारलं, "माझं नाव घेऊन मागं घ्यायला लावलंस?"

मी हो म्हणाले.

"मग माझ्याच नावानं पुन्हा अर्ज देते."

मी तिच्यासोबत गेले. जमादार तोच होता. अर्ज वाचून त्यानं तिला विचारलं, "ही बाई तुझी कोण?"

"आई."

त्यानं कागद खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून हसला. "ताई, लेकराला समजावा की. घरातलं घरात मिटवा."

पुन्हा एकदा सुटायची वाट त्यानं करून दिली होती, आणि क्षणभर मला ती हवीशी वाटली. पोर माझ्याकडं बघत नव्हती. मी म्हणाले, "ती खरं बोलून राहिली. लिहून घ्या."

त्यानं नाराजीनं रजिस्टर ओढलं, पेन झटकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही सोता त्या कुत्र्याला शेवटचं कधी बघितलं होतं?"

कुत्रा गेला त्याच्या आधीच्या दिवाळीला पोरीला क्लासपायी लातूरलाच सोडून मी घरी चार दिवस होते. संक्रांतीलाही आले होते. मागचं दार उघडल्याचं मला काही केल्या आठवेना. आता पोर माझ्याकडं बघत होती.