मामाचं शेवटचं अलाउन्स

बाप मी लहान असतानाच गेला. आई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची आणि आम्ही दोघी मामा-मामीच्याच घरी राहायचो. उमरखेडची ती एकच खोली. एका भिंतीला चूल, दुसरीला मामाचा भोंगा, अँप्लिफायर आणि बॅटरी. बॅटरी चार्जिंगला लागली की बल्ब मंद व्हायचा आणि माझा अभ्यास थांबायचा, पण बॅटरीला घरात कोणी काही म्हणायचं नाही. चूल तिच्यावरच पेटायची. मामा ऑटोतून अलाउन्स, म्हणजे अनाउन्समेंट, करायचा. उद्या नळ येणार नाहीत, साड्यांचा सेल लागला आहे, पोलिओचा डोस आहे, अमक्याचं निधन झालं... गावाला जे कळायचं ते मामाच्या तोंडून कळायचं.

तो मामा गेला, त्याला आता महिना होत आला. मला अजून एका जागी बसवत नाही. हे लिहायला बसते, उठते, गॅस बंद आहे का ते पाहून येते, पुन्हा बसते. बातमी कळल्यावर मी यवतमाळहून पोचले तेव्हा ऑटो दारात उभा होता. जन्मभर मामाचा ऑटो चालवणारे राजूभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुजाता, गावाले सांगा तं लागन. पेन ड्राइव्हवर भरून आनू काय? ते मशीनवाली बाई बोलते ना..." मामाची बातमी मशीनवाली बाई सांगणार? मी नको म्हटलं. पण मशीन नाही तर मग कोण, हे मलाही कळत होतं आणि राजूभाऊंनाही.

मामाची एक गोष्ट गावात फार कमी जणांना माहीत होती. लोकांच्या समोर त्याला बोलता यायचं नाही. राजूभाऊ पुढे ऑटो चालवायचे आणि मामा मागच्या सीटवर ताडपत्रीचा पडदा पाडून बोलायचा. पडद्याला बोटभर भोक होतं, त्यानंच पाडलेलं. त्यातून तो बाहेर पाहायचा. गावानं त्याचा आवाज ओळखला, चेहरा नाही. किराणा दुकानात त्याच्याच समोर लोक त्याच्या आवाजाची नक्कल करायचे आणि मामा गुपचूप साखर घेऊन यायचा.

भीती तीच, मला त्याच्याकडूनच आली असणार. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. हे मी छाती पुढे काढून सांगते, त्यात लाजायचं काय? पण बी.एड.च्या पहिल्या सराव पाठाला मी फळ्यावर तारीख लिहिली, वळले आणि संपलं. तोंडातून शब्द फुटेना. पोरं आधी हसली, मग घाबरली. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या पाठाला असंच झालं तर तुम्हाला पास कसं करायचं?" दिवाळीच्या सुटीत घरी आले ती बॅग न उघडता बसून राहिले. आई चिडली, "इतकी शिकली अन् मुकी झाली काय वं?"  दुसऱ्या दिवशी मामा म्हणाला, "चाल सुजे, ऑटोत बस. उद्या नळ बंद हाये, ते सांगाचं हाये."

पडद्याआड बसून मी माइक धरला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. आवाज असा कापत होता की एक बाई पिठाच्या हातानं धावत आली. "कोन गेलं वं बाई? कोन गेलं?" मामानं पडद्याआडूनच सांगितलं, "कोनी नाही गेलं माय. उद्या पानी येनार नाही!" राजूभाऊंनी हसता हसता ऑटो नालीत घातला असता. मी रडायच्या बेतात. मामानं माझं डोकं धरून त्या भोकाला लावलं. "साऱ्या गावाले सांगाले काहून पाह्यतं? एक दार पाह्य. त्या दारापुढून ऑटो सरकेपर्यंत पुरं सांग, मंग थांब, भोंग्याचा आवाज फिरू दे. मंग दुसरं दार." सुटीभर आम्ही हेच केलं. शेवटी शेवटी मामा पडदा थोडा थोडा वर करायचा... माझ्या बाजूचा. स्वतःच्या बाजूचा कधीच नाही.

पुढच्या पाठाला शेवटच्या बाकावर एक मुलगी केसांची रिबीन चावत बसली होती. तिलाच दार केलं. तिला सांगितलं, थांबले, मग दुसरीला. तास कधी संपला कळलंच नाही.

मला नोकरी लागली तेव्हा विहारात सत्कार झाला. मामाला दोन शब्द बोलायला उभं केलं. माइक हातात घेऊन तो नुसता उभा राहिला. गर्दीतून कोणी ओरडलं, "पडदा आना रे!" तेवढ्यात मामानं सरळ लोकांकडे पाठ फिरवली आणि भिंतीला सांगितलं, "आमची सुजाता मास्तरीन झाली हो! ज्यायनं ऐकलं त्यायनं शेजाऱ्यायले सांगा!" टाळ्या थांबेनात. नंतर मी विचारलं, "मामा, तू फिरला काहून?" म्हणाला, "तुले दारं दिसते, बाई. मले अजून लोकायचे डोयेच दिसते."

मामा गेला त्या सकाळी मी ऑटोच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. पडदा पाडलेलाच होता. सीटला मामाच्या खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा वास. भोकाला डोळा लावला, समोर आमचंच दार, दारात मामी... आणि आवाज गेला. इतकी वर्षं वर्गात शिकवते मी, पण तिथे पुन्हा ती फळ्यापुढची पोरगी झाले.  त्या पडद्याआड फक्त मामाच होता, तिथे मला बोलता येणार नव्हतं. मी उठले, ताडपत्री गुंडाळली आणि दोन्ही बाजूंनी वर बांधून टाकली. गल्लीतली माणसं थेट माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, "चला, राजूभाऊ. हळू."

पहिलं दार निळं होतं. त्याला सांगितलं, थांबले, भोंग्याचा आवाज फिरू दिला. मग पुढचं. "आपल्या सगळ्यांना ज्यांचा आवाज ओळखीचा आहे, ते आज आपल्यात राहिले नाहीत. अंत्ययात्रा दुपारी राहत्या घरून निघेल. ज्यांनी ऐकलं त्यांनी शेजाऱ्यांना सांगा."

ऑटो आता आमच्या दारातच उभा असतो. पडदा अजून वरच बांधलेला आहे, मामी सोडू देत नाही.

त्या दिवशी मी सगळं गाव फिरले. कोन गेलं, असं मला एकाही दारातून कोणी विचारलं नाही.