उसाला लागलेली आग

आमच्या ह्यास्नी गल्लीत समदी गुंडाभाऊ म्हणत्यात. रागाला लय वाईट. लग्नात भाजी आळणी झाली म्हणून भरल्या पंगतीतनं उठल्याला माणूस, अजून काय सांगू! पण ठिबकच्या कामात आष्ट्यात त्यांचा हात धरणारं कुणी न्हाई, म्हणून एजंटानं झांबियाला नेलं. दक्षिण प्रांत, मजाबुका गाव. फोनवर म्हणाले, "आगं, हितं आपल्यावानीच हाय. पाटाचं पाणी, ऊस, साखर कारखाना. टोंगा लोकं हायती, गुरांवर लय जीव त्यांचा." मला वाटलं, चला, रमला माणूस.

कुठलं काय! आठवडा सरला न्हाई तवर एका सांजेला ह्यांनी बघितलं, एक म्हातारा टेंभा घेऊन बांधानं चाललाय आणि मागं उसाचा फड धडाडून पेटलाय. आपल्याकडं ऊस पेटला की सारं गाव पळतं, आणि पेटवणारा घावला तर त्याची खैर न्हाई. हे तसंच पळाले. टेंभा हिसकला आणि म्हाताऱ्याच्या कानफडात ठेवून दिली. वर मला फोन, "ऊस पेटवणारा धरला!" मी बी येडी, साऱ्या गल्लीला सांगून आले.

दुसऱ्या दिवशी परत फोन. तितं तोडीआधी पाला जाळायला फड मुद्दाम पेटवत्यात. त्या म्हाताऱ्याचं, मुडेंडाचं, कामच ते. "नातवंडांदेखत मारलं गं त्याला. तक्रार बी केली न्हाई त्यानं. आता तोंड कसं दाखवू?"

"मारताना इचारलं हुतं का मला? जावा, पाय धरा!"

गेले. म्हाताऱ्यानं पायाला हात लावू दिला न्हाई. बसवलं, मक्याच्या पिठाचा गरम गोळा पुढं ठेवला. त्यांच्यात घरधनी पावण्याच्या हातावर पाणी घालतो. ज्या हातानं मारलं, त्याच हातावर म्हाताऱ्यानं पाणी घातलं. रातच्याला फोनवर सारं सांगितलं मला.

हे सगळं मला ठावं हुतं. पण गल्लीला खरं सांगायला माझी जीभ रेटली न्हाई. लाज वाटली, दुसरं काय.

परवा हे सुट्टीला आले. अंगणात माणसं जमली. "गुंडाभाऊ, त्या रानटी माणसाला कसं धरलं, सांगा की!"

मी चहा घेऊन उंबऱ्यात. वाटलं, धरणी पोटात घील तर बरं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मान खाली घातली.

"त्यो न्हवं रं गड्यांनो," म्हणाले, "रानटी मी हुतो."

मी उंबरा वलांडला आणि पयला कप ह्यांच्या हातात दिला.