वीस पोरं आणि निरगाठ

शाळेतल्या गोष्टींचं पऱ्हाटीसारखं आहे. कापूस निघाला की तिच्या काड्या कुणी मुद्दाम जमवत नाही, पण घरामागे ढीग होतोच. मग एक दिवस चुलीसाठी एक काडी ओढायला जावं तर अख्खा ढीग अंगावर येतो. तसा हा ढीग.

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथी पास झालो का, ते कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. तरी गावाने मला शाळा समितीचा अध्यक्ष केलं. त्याचं कारण असं की मीटिंगला वेळेवर मी एकटाच पोचलो होतो. उशिरा आलेल्यांनी माझी एकमताने निवड केली. माझी नात तनू दुसरीत, तिचे आईबाप सुरतेला, तेव्हा पालक म्हणून मीच.

आमचं गाव भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला. शाळेचा पट वीस, चारी इयत्ता मिळून. वीसच्या खाली गेला की शाळा नदीपलीकडच्या गावात मिसळणार, असं वरून कानावर येत होतं. म्हणजे आमची पोरं नदी ओलांडणार, वैशाली बाई दुसरीकडे कुठेतरी जाणार आणि खिचडी शिजवणारी सुमनअक्का घरी बसणार. बाई रोज फळ्याच्या कोपऱ्यात पट लिहायच्या. वीस. एवढं लिहून झालं की मगच तारीख.

* * *

वैशाली बाई पिंप्राळ्याच्या. भडगावात खोली करून राहतात, स्कूटीने येतात, बोलतात एकदम पुस्तकातलं. त्यांनी दुसरीला एकक-दशक शिकवायला घेतलं. पोरांकडून पऱ्हाटीच्या काड्या मागवल्या, बोटाएवढ्या तोडल्या. सुटी काडी म्हणजे एकक. दहा काड्यांना रबर लावलं की दशक. असे दहा गठ्ठे सुतळीने बांधले की शतक. पोरांनी आठवडाभर खपून एक शतक बांधलं आणि वारा लागू नये म्हणून स्वयंपाकाच्या खोलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गॅस संपला.

मधल्या सुट्टीत बाई आत गेल्या. "अक्का, इथे आमचं शतक होतं."

"शतक? ते तं जयी गये," अक्का म्हणाली. "दशक बी गयात. सुट्या काड्या ऱ्हायन्यात, त्या नुसता धूर करतस."

बाईंनी वाकून चुलीतली राख बघितली. मग ताट घेतलं, खिचडीचा घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे."

संध्याकाळी तनूला विचारलं, आज शाळेत काय झालं. ती म्हणाली, "शंभराची खिचडी."

* * *

मग बाईंनी सांगितलं, घरून काहीही आणा, काडीसारखं असलं म्हणजे झालं. इथे त्यांचं चुकलं. खान्देशातल्या पोरांना 'काहीही आणा' असं सांगू नये.

एकाने आइस्क्रीमच्या काड्या आणल्या, चाटून. एकीने घरचा झाडू मोडून आणला. पाठोपाठ तिची आई अर्धा टकला झाडू हातात धरून आली आणि आपल्या काड्या ओळखून वेचून घेऊन गेली. आणि हर्षूने आणल्या उदबत्त्या.

हर्षू म्हणजे शांतीलाल शेठचा नातू. गावात किराणा दुकान एकच, ते शेठचं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले. शेठ आता आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात, फक्त बाईंसमोर शुद्ध होतात. हर्षूने रात्रीतून दुकानातली सगळी पाकिटं फोडली होती, दहा-दहाचे गठ्ठे केले होते आणि उरलेल्या उदबत्त्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या होत्या. डब्यावर खडूने लिहिलं होतं, एकक.

शाळेचं देऊळ झालं. वासाच्या मागावर शेठ वर्गात आले.

"बाई, माझ्या एका पाकिटात बारा उदबत्त्या होत्या."

बाईंचं शिक्षकाचं रक्त. त्या वळल्या. "हर्षू, बारा म्हणजे?"

"एक दशक, दोन सुटे."

"बरोबर."

"बरोबर कसं?" शेठ म्हणाले. "त्या दोन सुट्यांचं मी काय करू? पाकीट फोडलं की माल गेला. मी सुटं विकत नाही, बाई. गावाला विचारा."

गाव म्हणजे मी दारातच उभा होतो. म्हटलं, "शेठ, दोन देवाले लाई द्या."

"नाना, तू गप ऱ्हाय." मग बाईंकडे वळून म्हणाले, "इथे शिकला तर हा माझं दुकान बसवेल. पुढच्या वर्षी भडगावच्या इंग्लिश शाळेत घालतो. तिकडची गाडी दारापर्यंत येते."

बाईंनी डस्टर उचललं. फळ्याच्या कोपऱ्यातला वीस पुसला आणि तिथेच पुन्हा वीस लिहिला. जरा ठळक.

* * *

काड्यांवरचा विश्वास उडाल्यावर बाईंनी खुर्च्या घेतल्या. प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या, पाठीवर मोठ्या अक्षरात रंगवलं: शतक, दशक, एकक. पोरांच्या गळ्यात आकड्याची पाटी. तीनची पाटी घातलेलं पोरगं दशकावर बसलं की तीस, तेच उठून एककावर बसलं की नुसतं तीन. पोरांना इतकी गोडी लागली की कुणीही बसलं की त्याला वाचायचे. टपालवाला जरा टेकला तर ओरडले, "शंभर!"

अडचण एकच. शून्य व्हायला कुणी तयार नाही. गळ्यात शून्य घातलं की पोरगं रडायला लागे.

मी म्हटलं, "बाई, मी होतो. मला अनुभव आहे."

दशकावर तनू, गळ्यात दोन. एककावर मी. पोरांनी वाचलं, वीस. पाच मिनिटं झाली. आपलं काही काम दिसत नाही, म्हणून मी चहाला उठलो.

"नाना, बसा," बाई म्हणाल्या.

"शून्याचं इथे काय अडलंय?"

बाईंनी वर्गाला विचारलं, "नाना गेले तर किती?"

अर्धी पोरं म्हणाली दोन. अर्धी म्हणाली वीसच, खुर्ची तर आहे. भांडण झालं. एकाने खुर्चीच बाहेर नेऊन ठेवली, मग सगळे म्हणाले दोन.

तनू म्हणाली, "आबा, तुम्ही गेलात की मी दोनच उरते. बसा ना."

बाई म्हणाल्या, "ऐकलंत? शून्याला उठता येत नाही."

घंटा होईपर्यंत मी बसून होतो. तो चहा मला आजपर्यंत मिळालेला नाही.

* * *

सव्वीस जानेवारीला शाळेत खुर्च्या त्याच तीन. पाहुणेही तीन: सरपंच, शेठ आणि अध्यक्ष म्हणून मी. खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे होतं, हे लक्षात ठेवा. सरपंचांना मी हाताला धरून कडेच्या खुर्चीवर बसवलं, "भाऊ, इथे सावली शे." शेठ मधे बसले. मी आपला उरलेल्या खुर्चीवर.

समोर रांगेत पोरं. त्यांना बिचाऱ्यांना सवय.

"नाना शंभर," हर्षूने वाचलं. "दादाजी दहा. सरपंच एक."

मैदानात सगळं गाव. सरपंचांनी मान वळवून आपल्या खुर्चीची पाठ बघितली. माझी बघितली. मग उठले, खुर्ची उचलली आणि माझ्याही पलीकडे नेऊन मांडली. मी माझी उचलली आणि त्यांच्या पलीकडे गेलो. ते परत उठले. शेठ जागचे हलले नाहीत. म्हणाले, "माले मधलंच बरं शे."

असं करत आम्ही झेंड्याच्या खांबापर्यंत पोचलो.

एका पोराने हात वर केला. "बाई, आता वाचायचं कसं?"

"आज वाचायचं नाही," बाई म्हणाल्या. "आज झेंडावंदन आहे."

* * *

ही गोष्ट लहान आहे. शेठच्या दुकानात चहा पीत बसलो होतो. हर्षूचं तिकडे जायचं पक्कं ठरत आलं होतं. म्हटलं शेठला जरा चिमटा काढू.

"शेठ, पोरगं इंग्लिश शिकी गये का दुकानवर बसाव नही बरं. पळी जाई."

शेठ सुतळी कापत होते. गल्ल्याच्या वर खिळ्याला एक कात्री कायम लटकलेली असते. आमच्या लहानपणापासून तीच. कापून झालं की परत खिळ्याला.

"नाना," शेठ म्हणाले, "तुन्हा आंडोर, तनूना बाप, सुरतले गया, तो कोनती इंग्लिश शाळामा व्हता?"

मी चहा प्यालो. गार झाला होता.

* * *

काड्या जळतात, उदबत्त्या वास मारतात, खुर्च्या मोठी माणसं पळवतात. शेवटी बाई म्हणाल्या, पोरांचेच गठ्ठे बांधू. वजाबाकी शिकवायची होती, विसातून एक.

अक्काने जुन्या लुगड्याच्या लांब पट्ट्या फाडून दिल्या. मैदानात दहा-दहाच्या दोन ओळी. प्रत्येकाच्या कंबरेला पट्टीचा एक वेढा, तिथून पुढच्याच्या कंबरेला, आणि शेवटी दोन्ही टोकांची एकच गाठ. सगळा वर्ग खिदळतोय.

बाई म्हणाल्या, "नाना, सुरगाठ मारा. टोक ओढलं की सुटली पाहिजे."

मी हो म्हटलं. पण मी जन्मभर बैलं बांधलेला माणूस, हात आपोआप निरगाठीला जातो. शिवाय येताना शेठच्या दुकानापुढे भडगावच्या शाळेची गाडी उभी दिसली होती.

बाईंनी विचारलं, "दोन दशक आहेत, सुटं कुणीच नाही. यातून एक कसा द्यायचा?"

तेवढ्यात शेठ आले. धुतलेला शर्ट, हातात हर्षूसाठी नवे बूट.

"बाई, हर्षूला न्यायला आलो. तिकडे आज मुलाला दाखवायचं आहे. आवडला तर आजच नाव घालून टाकतो. मग दाखल्याचं बघू."

बाईंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. "न्या ना, शेठजी. तुमचा नातू आहे. हर्षू, जा बाळा."

हर्षू निघाला. तो होता गठ्ठ्याच्या मधोमध. तो चार पावलं गेला, गठ्ठा चार पावलं गेला.

शेठ वाकून गाठीशी झोंबले. नखं लावली, दात लावले.

"नाना, हाई कसानी गाठ शे?"

"निरगाठ."

"कात्री दे."

"शाळानी कात्री कागदनी शे. लुगडं नही कापाव. तुम्हना दुकानमा शे ना."

शेठने बाईंकडे पाहिलं. बाई दुसऱ्या गठ्ठ्याजवळ उभ्या होत्या, त्या पोरांच्या डोक्यांवर हात ठेवून. शेठने हर्षूचा हात धरला आणि चालायला लागले. मागे दहाही पोरं, त्यांच्या मागे मी. गल्लीतली माणसं ओट्यावर आली. कुणीतरी विचारलं, "शेठ, कोनं लगीन शे?"

दुकानात शेठाणी गल्ल्यावर होत्या. त्यांनी चष्मा लावून सगळी रांग बघितली.

"एक हर्षूलेच लेवाले गयथात ना तुम्ही? हाई बठ्ठी वरात कसाले लई उनात?"

गाडीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "शेठ, एवढे नाही बसणार. मला एकच सांगितलाय."

शेठने खिळ्यावरची कात्री काढली.

पोरं शहाणी. कापायला सोपं जावं म्हणून सगळ्यांनी एकेक हात वर केला आणि दुसऱ्याने पट्टी ताणून धरली. हर्षूने मान वर केली.

"दादाजी, एकट्या मला नाही काढता येणार. आधी अख्खं दशक सोडावं लागेल."

"मंग सोडू," शेठ म्हणाले. "नऊ तर ऱ्हातीन ना."

"नऊ सुटे राहतील," तनू म्हणाली. "ते दहा आणि हे नऊ. मग वीस नाही होत. बाईंना फळ्यावर पुसावं लागेल."

शेठ कात्री उघडून उभे. पोरं हात वर करून उभी. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

शेठने लिमलेटच्या गोळ्यांची बरणी पुढे ओढली. एकेकाच्या वर केलेल्या हातात एकेक गोळी ठेवली. हर्षूलाही एकच.

"शेठ, उशीर होतोय," ड्रायव्हर म्हणाला. "यातला आपला कोणता, ते तरी सांगा."

शेठने कात्री मिटली, खिळ्याला लावली आणि पट्टीचं टोक हातात घेऊन शाळेच्या दिशेने पायरी उतरले.

"तू जाय, भाऊ," ते म्हणाले. "सुटं इकत नही मी. गावले इचार."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी गोळी मागायला गल्ल्याकडे वळलो.