सर्जा ग्रुपवर नव्हता

सर्जेराव गेला, ही बातमी मला मोबाईलवर कळली. सकाळी शेतातून येताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला, आणि तासाभरात जोडलेल्या हातांची नुसती रांग लागली. मीही 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. कारण ह्याच ग्रुपमधून चार महिन्यांपूर्वी सर्जाला मी काढलं होतं. ॲडमिन मी ना!

कारण काय, तर राजकारण. दुसरं काय असणार? आमच्या किकवी गावात आम्ही दोघं जन्मभर एकाच पक्षाचे. पण पक्ष फुटला, आणि त्याबरोबर आमची डोकीही. सकाळी कोण कुठं होता आणि संध्याकाळी कुणाच्या गाडीत बसला, हे माझ्यासारख्या रिटायर मास्तरालाही सांगता येईना. सर्जाला मात्र सगळं कळायचं म्हणे! शेताला पाणी सोडून बांधावर बसायचा आणि दिवसाला वीस-वीस व्हिडिओ पाठवायचा. आज ज्याला शिव्या, उद्या त्यालाच हार. मी म्हटलं, "अरे, तू नक्की कुणाच्या बाजूचा?" तर म्हणाला, "बगू, अजून इचार चाललाय." एकदा मात्र माझ्या नेत्यावर त्यानं असलं काही टाकलं, की माझं डोकंच फिरलं. दाबलं बटण. काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गडी नेहमीसारखा माझ्या ओसरीवर कॅरम खेळायला हजर! बोर्डावर पावडर टाकली, राणी घेतली, चहा प्यायला. गणपतीत डीजे लावावा का लेझीम काढावी, यावर तासभर वाद घातला. ग्रुपचा शब्द काढला नाही. पुढं चार महिने रोज आला, रोज खेळला, एका अक्षरानं विचारलं नाही. मीही आज सांगू, उद्या परत घेऊ, असं करत राहिलो... मेला माझा ताठा. त्याला कळलं होतं की नव्हतं? वाईट वाटलं होतं का? मला आजही उलगडत नाही.

दशक्रियेला तर गोंधळात भरच पडली. दोन्ही गटांचे पुढारी येऊन भाषणं करून गेले, आणि दोघंही म्हणाले, सर्जेराव आमचेच. लोक माझ्याकडं बघायला लागले. चाळीस-पन्नास वर्षांचा दोस्त, आणि तो नक्की कुणाचा, हे मला सांगता येईना.

परवा त्याच्या घरी गेलो. मालनवहिनींनी त्याचा मोबाईल माझ्या हातात दिला.

"भावजी, ह्यो तुमचा ग्रुप रोज सकाळी उघडून बगायचे. चार म्हयनं झालं, काईच येत न्हाई म्हनायचे. म्या इचारलं, का वो? तर म्हनले, समदी गप बसल्यात आता. भांडणं मिटली, लई बरं झालं."

मी ग्रुप उघडला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मला काय वाचाया येत न्हाई. तुमीच बगा, हितं खाली काय लिवलंय?"

मी चष्मा लावला. त्याच्या शेवटच्या व्हिडिओखाली एकच ओळ होती. माझं नाव, आणि मी त्याला काढल्याचं. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"काही नाही वहिनी," मी म्हणालो. "सगळे गप्प बसलेत."