बानं सोडलेलं डफडं

वच्छे,

मूर्तिजापूरच्या फलाटावर बा माझ्या ट्रंकेवर बसला होता. गाडी आली तरी उठेना. शेवटी तूच त्याला हात धरून उठवलंस. तो एवढंच म्हणाला, "कागद लिवत जाय. वच्छी वाचून दाखवन." अंगात नवा कोट, विलायतेला निघालेलो मी, आणि मला चारचौघांत बापाची लाज वाटत होती. आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

तुझ्या लेकरांनी बाच्या हातात डफडं कधी पाहिलं नाही, म्हणून सांगतो. गावात कोणाचंही लग्न निघालं की बाला बोलावणं यायचं. बरं नाही, मन नाही, असं म्हणायची सोयच नव्हती. मांडवाबाहेर वाजवायचं आणि सगळ्या पंगती उठल्यावर उरलंसुरलं घेऊन यायचं. आपण दोघं ते मिटक्या मारत खायचो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली बानं डफडं फोडून चुलीत घातलं. गावानं मजुरीचं काम बंद केलं, माय अकोल्याच्या कापसाच्या जिनात सरकी वेचायला गेली, पण बा हटला नाही.

इथं मी आधी कारखान्यात लागलो. रविवारी अनाथ मुलांच्या होममध्ये गाणं शिकवायचो. मार खाल्लेली, टाकून दिलेली पोरं ती, गाणार काय कपाळ! एकदा वैतागून मी बिस्किटाच्या डब्यावर बाचा वरातीचा ठेका धरला, तर सगळी धावत आली. पॅट्सी नावाची आठ वर्षांची पोर वर्षभर कोणाशी बोलली नव्हती. ती त्या ठेक्यावर मोठ्यानं आकडे मोजायला लागली. मग मी त्यावर चाली बांधल्या, पोरांच्या हाती डबे-काठ्या दिल्या. पेपरात फोटो आला, लोक मला कंपोझर म्हणू लागले. संगीतानं समाज बदलतो, अशी भाषणंसुद्धा मी ठोकली.

तो फोटो तुम्हाला पाठवला. तू लिहिलंस, बा खूप वेळ बघत बसला आणि त्यानं एकच विचारायला सांगितलं: "त्या लेकरायले बलावनं आलं तं जावंच लागते का?"

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात होमला देणग्या देणाऱ्यांची मेजवानी झाली होती. आत मंडळी जेवत होती, पोरं थंडगार बोळात उभी. पॅट्सी म्हणाली, "आज नको." तिच्या तोंडून निघालेला तो पहिला नकार. आणि मी, बाच्या पोरानं, तिच्या हातात काठ्या कोंबल्या. वाजवून झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून पोरांना उरलेला केक बांधून मिळाला. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं, वच्छे; तुझं पत्र वाचलं तेव्हा आलं.

तरी मी उत्तर लिहिलं, "नाही बा, मन असलं तरच वाजवतात."

ते ऐकून बा खूश झाला, वस्तीतल्या पोरांना डब्यावर ठेका शिकवू लागला, असं तू कौतुकानं कळवलंस. त्या खोट्यावर विसंबूनच तो गेला. मातीलाही मी आलो नाही. बोट लांबची, हे निमित्त. बाला माती दिली त्या जागेसमोर उभं राहायचं धाडस नव्हतं, हे खरं. आता घर म्हटलं की मला तीच एक जागा दिसते.

वस्तीतल्या पोरांना हे सगळं वाचून दाखव. आणि पॅट्सीची मी अजून माफी मागितलेली नाही, हेही सांग.