जालिंदरचा त्रास

माझा भाऊ जालिंदर गेला. त्याच्या मागं जलदानाचा इधी झाला, त्या दिवशी सगळी दोन दोन शब्द बोलली. गरीब होता, कुणाला त्रास दिला न्हाय, असं जो तो म्हणला. त्रास न्हाय हे पयल्यांदा मीच बोलले होते, आन ते खोटं होतं. म्हणून पोरीकडनं हे लिवून घेते.

जालू गेला तवा बेचाळीस वर्षांचा. अंगानं मोठा, डोक्यानं ल्हान. बोलायचा न्हाय, डोळ्याला डोळा द्यायचा न्हाय. पण त्याचं सगळं ठरलेलं असायचं. भाकरी कडकच पायजे. ती कानापाशी धरून मोडायचा, कट्ट वाजली की मग खायचा. मऊ दिली तर ताट सरकवायचा. कुकरची शिट्टी झाली की भिताडावर डोकं आपटायचा. आई होती तवर तिनं चुलीम्होरं भाकऱ्या उभ्या करून वाळवल्या. कुकर घरात आणलाच न्हाय, डाळ पातेल्यात शिजायची.

आई गेली. मी विड्या वळणारी, आमचं मालक अंथरुणाला खिळलेलं. जालूला ठिवायला दोन ठिकाणी नेलं, त्याचं सगळं खरं खरं सांगितलं. दोनीकडं न्हाय म्हणले, आमाला झेपायचं न्हाय. तिसरं घर विजापूर रोडच्या पल्याड, अशाच मोठ्या माणसांचं. तितल्या साहेबांनी फारम भरताना इच्चारलं, सवयी काय, त्रास काय. मी म्हणले, काय न्हाय, गरीब हाय. फारमातली ती वळ कोरी ऱ्हायली. खाली मी सही केली.

आठ दिवसांनी गेले तर गालफडं आत गेलेली, कपाळाला टेंगूळ. वहीत लिवलं होतं म्हणं, हट्टी हाय, जेवत न्हाय. तितं चपाती, आन चाळीस माणसांचा सैपाक कुकरात. मला कळलं की. सांगावं म्हणून तोंडापत्तूर आलं. पण घरी घिऊन जा म्हणले तर? बिस्किटाचा पुडा दिला आन परत आले.

काशम्मा तितं कामाला होती. मैंदर्गीची, कानडी बाई. जालूची आंघोळ, जेवण तिच्याकडं. एक दिवस ती आपला डबा खात बसली होती, गावाकडची कडक भाकरी. भाकरी मोडली तसा जालू उठून आला आन तिच्यापाशी कान करून उभा ऱ्हायला. तिनं त्याच्या कानापाशी दुसरा तुकडा मोडला. दीड भाकरी खाल्ली त्यानं.

पुढच्या भेटीला तिनं मला कडंला घेतलं. "अक्का, हे आदी का न्हाय सांगितलं?"

"तुमी घेतलं नसतं."

"घेतलं असतं की. उपाशी ठिवला नसता."

मग मी कुकरचं सांगितलं, सगळंच सांगितलं. तिनं त्याची खाट सैपाकघरापासनं लांब नेली. रोज दोन भाकऱ्या वाळत घालायला लागली. तितं कामाला असलेल्या दुसऱ्या बायकांना, पोरांनाबी शिकवलं. म्हणायची, मी रजेवर गेले तरी माज्या तम्माला, धाकट्या भावाला, भाकरी मिळाली पायजे. जालूचं अंग भरलं. सकाळी सगळ्यांच्या चादरी त्योच घड्या घालायचा, काठाला काठ लावून. दुसऱ्यानं हात लावला की घडी इस्कटून परत घालायचा. पाच वर्सं अशी गेली.

ह्या साली काशम्माचा फोन आला. आज भाकरी कानाला लावली न्हाय, नुसती हातात धरून बसलाय, कायतरी दुखतंय, चला दवाखान्यात. डोळं पिवळं व्हायच्या आदी तिनं वळखलं. पण लिवर आतनं खराब झालं होतं. नवव्या दिवशी गेला.

जलदान झाल्यावर त्याचे कपडे आणायला गेले. साहेब म्हणले, फाईल बंद करायची हाय, सही करा. मी त्यो जुना फारम मागितला. ती वळ कोरीच होती. पोरीला, दीक्षाला, म्हणले, लिव.

साहेब म्हणले, आता कशाला मुक्ताबाई. काशम्मा म्हणली, लिवू द्या.

मी सांगत गेले, दीक्षा लिवत गेली. ह्याचा त्रास हाय. भाकरी कडक लागते. मोडताना वाजली पायजे. शिट्टीला भितो, रागावू नका, लांब न्या. घडीला हात लावू नका. बघत न्हाय, पण सगळं ऐकतो.

वळ पुरली न्हाय. कागद उलटा करून पाठीमागं लिवलं.